वाढत्या अंगाचे

‘जरा वाढत्या अंगाचे शिवा हं!’ दिवाळीच्या सुमारास शिंप्याला मुलाचे माप देताना आपल्याकडे हे वाक्य हटकून उच्चारले जाते. त्यात काटकसर आहे, तशी मायाही आहे. परंतु हिवाळ्यात मुलाबाळांसह गुलमर्गला निघालेल्या मंडळींनी हे शहाणपण घरीच ठेवून जावे. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडता येतात. बर्फावरून घसरण्याची फळी, म्हणजे स्की, कशी दुमडणार?

एके काळी हिशेब सोपा होता. हात वर करून उभे राहायचे. मनगटापर्यंत पोचेल ती स्की आपली. २०० सेंटिमीटरची फळी बाळगण्यात पुरुषांना भूषण वाटे. १९९०च्या दशकात कमरेशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्की आल्या. कडेवर कलवल्या की त्या आपसूक वळू लागतात. साहजिकच लांबीचा तोरा उतरला.

आता नवशिक्या प्रौढाने स्की उभी धरावी. टोक हनुवटीच्या आसपास आले की पुरे. सराईताने नाकापर्यंत, कपाळापर्यंत खुशाल जावे. मात्र उंची हे अर्धेच माप. फळी वाकते ती वजनाने. म्हणून एकाच उंचीच्या दोघांत भरदार माणसाला किंचित लांब, किडकिडीताला किंचित आखूड.

नवशिक्या मुलाची स्की छाती आणि हनुवटी यांच्या दरम्यान असावी. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ९० ते १०० सेंटिमीटरची फळी बेताची. नवशिका थांबतो तो फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर करून, पाचरीसारखा आकार साधून. लांब फळीने हे चिमुकल्या पायांना जमत नाही आणि उतार तर थांबत नाही!

बुटाचे माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधील लांबी. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवताच मागे सरावीत. सैल बूट दोन-दोन मोज्यांनी भरू नये. पाय आत हलला की फळी ऐकत नाही.

बूट फळीला जखडणारा खटका पडताना आपोआप सुटायला हवा. वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून तो जाणकाराकडूनच लावून घ्यावा. वजन चोरून सांगितले तर खटका भलत्या वेळी सुटतो. कौशल्य फुगवून सांगितले तर वेळेवर सुटत नाही, आणि गुडघा पिरगळतो.

‘पण दरवर्षी नवी स्की कुठून आणायची?’ आणू नये. गुलमर्गला ती भाड्याने मिळते. पुढल्या हिवाळ्यात मूल उंच झालेले असेल, तेव्हा लांब फळी घ्यावी. उतारावर उभे असते ते आजचे मूल. त्याला आजच्याच मापाचे द्यावे.