छपरावरची वीज : आधी गरज ओळखा

सुटे सोलर पॅनेल आणून घरीच जोडावे, चार पैसे वाचवावे, हे डोणगावच्या शेतकऱ्याला सुचणे साहजिक आहे. पण आमचे म्हणणे, आधी गरज ओळखा. भारनियमनात दिवा-पंखा चालावा एवढेच हवे, तर बॅटरीचा लहान संच घरी जोडा. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागेल.

बिल कमी करायचे, तर २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान ठेवले आहे. ते नोंदणीकृत पुरवठादाराकडून काम केले तरच मिळते, घरच्या जोडणीला नाही. शिवाय बॅटरीविना हा संच वीज गेली की बंद!

समजा, पदरचे ४०,००० गेले. महिना १,००० वाचले तर ४० महिन्यांत वसुली. २०० वाचले तर १६ वर्षांहून जास्त. तेव्हा पुरवठादाराकडे जाण्याआधी वर्षाची बिले काढून बसा.