सर कडक, मॅडम खडूस!

सत्र संपत आले की विद्यापीठात एक फॉर्म वाटला जातो. विषयाची तयारी, शिकवण्यातील स्पष्टता, पेपर वेळेवर तपासणे, विद्यार्थ्यांशी वागणूक असे रकाने आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. विद्यार्थी खुणा करतात, ऑफिसात सरासरी निघते आणि ती सरासरी शिक्षिकेची लायकी म्हणून फायलीत जाते. मैत्रिणींनो, हा निरुपद्रवी दिसणारा कागद बायकांच्या पोटावर पाय देतो, म्हणून तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

मी सार्वजनिक धोरणाचा सेमिनार शिकवते. त्यातला पहिला धडाच असा की आकडा आभाळातून पडत नाही. काय मोजायचे, कोणी मोजायचे, कोणाचे काम ‘काम’ म्हणायचे हे सत्ता ठरवते. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला जनगणनेने ‘काम न करणारी’ ठरवले. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे दिसले. पुरुषांची ९७, आणि तीही जे घरकामाला हात लावतात त्यांचीच! वर्गात हे शिकवायचे आणि सत्राअखेरीस तसल्याच आकड्यापुढे मान तुकवायची?

तोच सेमिनार दुसऱ्या तुकडीला एक सहकारी शिकवतात. वाचनाची यादी एक, निबंधाचे नियम एक, उशिराचे गुण कापण्याची पद्धतही एकच. त्यांच्या फॉर्मवर येते, ‘कडक, पण अभ्यासू.’ माझ्यावर येते, ‘खडूस.’ २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला बाई नेमण्याची तरतूद होती. ती मी वर्गात वाचून दाखवली. शेरा आला, ‘विषय सोडून स्त्रीवाद.’ कायद्याचे कलम बाईने वाचले की तो स्त्रीवाद, पुरुषाने वाचले की धोरण!

“हा तुमचा एकटीचा अनुभव,” असे लगेच म्हटले जाईल. तर ऐका. २०१५ साली अमेरिकेत एका ऑनलाइन वर्गाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक शिक्षक आणि एक शिक्षिका, दोघांनीही एक गट स्वतःच्या नावाने आणि एक गट दुसऱ्याच्या नावाने शिकवला. विद्यार्थ्यांना फक्त नाव दिसत होते. पेपर सगळ्यांना एकाच वेळी परत मिळाले, तरी ‘वेळेवर’ या रकान्यात पुरुषाच्या नावाला पाचपैकी ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५ गुण पडले. वर्ग लहान होता हे खरे. पण नेदरलँडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातले सुमारे वीस हजार फॉर्म तपासून २०१९ मध्ये जो अभ्यास आला, तोही हेच सांगतो. विद्यार्थ्यांचे गुण आणि अभ्यासाचे तास शिक्षक कोण यावर बदलत नव्हते, तरी बायकांना कमी गुण. नव्याने शिकवू लागलेल्या बायकांना सर्वांत जास्त फटका. इतकेच काय, सगळ्यांना सारखीच असलेली पुस्तके-टिपणेही बाई शिकवत असली की कमी प्रतीची वाटत होती!

आपल्याकडे २०१७ साली नॅकने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले, तेव्हापासून या फॉर्मचे वजन आणखी वाढले. कायम नोकरीतली प्राध्यापिका हा आकडा एक वेळ हसण्यावारी नेईल. तासिका तत्त्वावर राबणारी काय करणार? पुढच्या वर्षी तिला बोलवायचे की नाही, याला हा आकडा सोयीचे कारण ठरतो. मग ती गोड बोलते, सढळ हाताने गुण देते, जातीचा नि बाईपणाचा प्रश्न टाळते. नुकसान विद्यार्थ्यांचेच होते.

काही मैत्रिणी विचारतील, खालच्यांचा आवाज ऐका असे आपणच म्हणत आलो ना? होय, आणि मी आजही तेच म्हणते. पण आवाज आणि खूण यांत फरक आहे. शिक्षक वर्गात जातीवरून टोमणे मारतो, मुलीला एकटीला केबिनमध्ये बोलावतो, यासाठी त्या फॉर्मवर रकाना कुठे आहे? ज्यांना खरोखर बोलायचे आहे त्यांना हा कागद गप्पच बसवतो, आणि वरिष्ठांना ‘आम्ही ऐकले’ असे म्हणायची सोय करून देतो.

कॅनडात रायर्सन विद्यापीठाच्या प्राध्यापक संघटनेने हा प्रश्न लवादापुढे नेला. शिकवणे किती परिणामकारक आहे हे या आकड्यांवरून ठरवून बढती वा कायम नेमणूक करू नये, असा निवाडा २०१८ मध्ये तिने मिळवला. संघटनेने मागितले म्हणून मिळाले. आपणही मागू या. फॉर्मवरच्या सरासरीवरून कोणाचीही नेमणूक थांबवू नका. विद्यार्थ्यांना शब्दांत लिहू द्या आणि ते वाचायला शिक्षक नि विद्यार्थी दोघांची समिती नेमा. सहकाऱ्यांनी वर्गात बसून, टिपणे नि तपासलेले निबंध पाहून शिकवणे जोखावे. छळाच्या तक्रारीची वाट वेगळी ठेवा, आणि ती थेट अंतर्गत समितीकडे जाऊ द्या.

महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, आपापल्या विभागात बाया नि पुरुष यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या मांडून मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. विद्यार्थिनींच्या गटांनाही सोबत घ्या, कारण उद्या त्या फळ्यापुढे उभ्या राहतील तेव्हा हाच फॉर्म त्यांची वाट पाहत असेल.