उस्ताद आठवायचे कसे?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेचे एक जुने उर्दूचे सर अल्लाहला प्यारे झाले. शोकसभेसाठी चार शब्द लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. लिहून झाल्यावर वाचून पाहिले, तर ‘शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थीप्रिय’ एवढेच होते. सर त्यात कुठेच नव्हते. कागद बाजूला ठेवला आणि कपाटातून मिर्झा फरहतुल्लाह बेग काढले.

हे नाव आता आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. मिर्झासाहेब दिल्लीचे. बी.ए. होऊन हैदराबाद संस्थानात नोकरीला गेले आणि १९४७ साली तिथेच वारले. नोकरी सांभाळून त्यांनी आठवणी, कथा, विनोदी लेख लिहिले. गदरच्या आधीच्या दिल्लीतला एक मुशायरा त्यांनी कल्पनेने असा रंगवला, की गालिब, जौक, मोमिन आपल्यासमोर येऊन बसतात. पण त्यांचे सर्वांत जिवंत लेखन म्हणजे आपले उस्ताद डेप्युटी नजीर अहमद यांच्यावरचा लेख. अकबरी-असगरीची गोष्ट सांगणारे, कुरआनचा उर्दू तर्जुमा करणारे, तेच नजीर अहमद. ते १९१२ साली वारले. लेख आला तब्बल पंधरा वर्षांनी, १९२७ मध्ये, आपल्या औरंगाबादेतून निघणाऱ्या ‘उर्दू’ या त्रैमासिकात.

कॉलेजात असताना फरहतुल्लाह आणि त्यांचा मित्र दानी अरबी शिकायला म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडे जात. (हे दानी म्हणजे गुलाम यजदानी. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि अजिंठ्याच्या चित्रांवर मोठे ग्रंथ लिहिले. एकाच वर्गातून काय काय निघते!) उन्हाळ्यात उस्ताद घरात नुसत्या तहबंदवर, उघड्या अंगाने, हुक्का घेऊन बसलेले. त्या तहबंदचे पदर न खोचता नुसते इकडेतिकडे टाकलेले, त्यामुळे उठताना होणारी धांदलसुद्धा शागिर्दाने सोडलेली नाही. आणि उस्तादांचे बालपण? मशिदीत शिकणारे गरीब पोर, घरोघर फिरून रोट्या गोळा करणारे. एका घरी मसाला वाटावा लागे. हात थांबला की तिथली लहान मुलगी बोटांवर बत्ता हाणायची. तीच पुढे त्यांची बायको झाली! हे मौलवीसाहेबांनी स्वतःच हसत सांगितलेले.

इथवर गंमत. पण मिर्झासाहेब पुढेही जातात. उस्तादांचा पैशातला चिवटपणा सांगतात, ते व्याज घेत हेही सांगतात. पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही दचकलो. मरहूमांची चांगली बाजूच बोलावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्याजाचा भाग गाळला असता तर चालले असते, असे आम्हाला आजही वाटते. तरी लेख संपतो तेव्हा मनात तक्रार उरत नाही. उरतो तो फी न घेता दोन पोरांना जीव ओतून शिकवणारा म्हातारा.

तो लेख वाचून उस्मानिया विद्यापीठातले उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांना नजीर अहमद यांचा हेवा वाटला. असा शागिर्द आपल्यालाही मिळायला हवा होता, म्हणाले. मिर्झासाहेबांनी थट्टेत उत्तर दिले, तुम्ही मरा तर खरे, लेख मी लिहितो! थोड्याच काळात, १९२८ मध्ये, सलीमसाहेब खरेच गेले. मिर्झासाहेबांनी शब्द पाळला, आणि त्यांचेही गुणदोष दोन्ही लिहिले.

आम्ही पुन्हा कागद घेतला. सरांच्या शेरवानीच्या खिशात कायम खडूचे तुकडे असत. हजेरी घेताना एका मुलाचे नाव ते वर्षभर चुकीचे घेत राहिले आणि तो मुलगाही ‘हाजिर’ म्हणत राहिला. रागावले की डस्टर फेकत, आणि तो कधीच कुणाला लागत नसे. हे सगळे लिहिले. डस्टरचे वाक्य दोनदा खोडले, दोनदा परत घातले. सभेला त्यांच्या बेगमसाहेबा पुढच्याच रांगेत बसणार आहेत.