उंचवट्याचे माप

बुटक्या बांध्याची, जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्स मोटार परभणी जिल्ह्यात अद्याप नवलाईची वस्तू आहे. लग्नसराईत किंवा दिवाळीत पुण्या-मुंबईस स्थायिक झालेला एखादा उद्योगी गृहस्थ अशी मोटार घेऊन गावी येतो, पोरे तिच्यामागे धावतात आणि गावाच्या वेशीवरील पहिल्याच गतिरोधकापाशी ही वैभवयात्रा थबकते. मालक खाली उतरतो, ओणवा होऊन मोटारीच्या पोटाखालची जागा नजरेने मापतो, सोबतच्या मंडळींना उतरावयास सांगतो. पाहणाऱ्यांची घटकाभर करमणूक होते. आम्हांला मात्र त्या ओणव्या झालेल्या मालकाच्या जागी सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता दिसावा असे वाटते. कारण जे माप तो मालक निरुपायाने घेत आहे, ते उंचवटा घालणाऱ्याने कधी घेतले असेल, असे त्या उंचवट्याकडे पाहून तरी वाटत नाही.

ज्या जिल्ह्यातील शेतकरी कापूस आणि सोयाबीनच्या भावाने गांजलेला आहे, तेथे वृत्तपत्राने धनिकांच्या मोटारींची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि धनिकाचा पत्रा खरवडला गेला म्हणून आम्ही लेखणी उचललेली नाही. परंतु ज्या उंचवट्यावर ती मोटार अडते, त्याच उंचवट्यावर गंगाखेडहून परभणीच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील बाळंतीण हादरते. मुलाच्या मोटारसायकलवर एका अंगाने बसलेली म्हातारी तेथेच उडते, आणि उसाने लादलेली ट्रॉली तेथेच कलते. बुटकी मोटार फक्त अगोदर ओरडते, इतकेच.

असे उंचवटे सुखरूप ओलांडण्याची युक्ती जाणत्या चालकांना अवगत आहे. ब्रेक उंचवट्याच्या अलीकडेच दाबून घ्यावयाचा आणि चाक चढू लागताच सोडावयाचा; ब्रेक दाबलेला असला की वजन पुढे येते, मोटारीचे नाक झुकते आणि नेमके नाकच आपटते. माणसे उतरविली की स्प्रिंगांवरील भार हलका होतो व पोट थोडे वर येते. सर्वांत मुख्य म्हणजे सरळ न जाता तिरके जावयाचे. त्यामुळे एका वेळी एकच चाक चढते आणि मधला भाग उंचवट्यावर टेकत नाही. काही परदेशी मोटारींत बटण दाबताच नाक उचलण्याचीही सोय असते. डीसी कंपनीच्या ‘अवंती’ ह्या देशी स्पोर्ट्स मोटारीचे पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर ठेवलेले होते. ह्या जातीच्या मोटारीला ती उंची फार, पण येथील रस्त्यांचा विचार त्यात उघड दिसतो.

युक्ती चांगली, पण ती मोकळ्या रस्त्यावर. जिंतूरच्या रस्त्यावर समोरून एस. टी. आणि मागून कापसाचा ट्रक येत असता मोटार आडवी घालणे म्हणजे पत्रा वाचविण्यासाठी प्राण पणास लावणे होय. त्यातही आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या ह्या श्वासोच्छ्वासाने डांबराला लाटा येतात, कडा तुटतात, साइडपट्टी खचते. तिरकी गेलेली मोटार उंचवटा चुकवून खड्ड्यात उतरावी, अशी ही व्यवस्था आहे.

आता थोडे गणित. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या रस्तेअभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्येच गतिरोधकाचे माप छापून ठेवले आहे. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, प्रवासाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, हा हेतू. पुढच्या व मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली मोटार ह्या कंसावर पूर्ण चढली, तर चाकांच्या मधोमध उंचवटा चाकांच्या पातळीहून केवळ ५ सेंटिमीटर वर येतो, कारण चाकेही त्याच कंसावर उभी असतात. म्हणजे ज्या मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम ११ सेंटिमीटर आहे, तीही संथपणे, कोणालाही न उतरविता, सरळ पार होते. उलट हात-दीड हात रुंदीचा आणि वीतभर उंचीचा बांध घातला, की पुढचे चाक उतरून मागचे चढण्यापूर्वी ती सबंध वीत पोटात शिरते. तेथे चालकाचे कौशल्य काय करणार?

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. हे ३.७ मीटरचे माप कोणाच्या लहरीतून आलेले नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख असताना, पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविलेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये आवारातील बेफाम मोटारींना आळा घालण्यासाठी उंचवट्याची रचना केली होती. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला जो विषय विचार करण्याजोगा वाटला, तो आपण गवंड्याच्या थापीवर सोडून दिला आहे. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या रस्तेसंशोधन प्रयोगशाळेतील वॉट्स यांच्या प्रयोगांतून १२ फूट रुंद व ४ इंच उंच हा आकार पुढे आला. अरुंद उंचवट्याचा दोष असा, की भरधाव जाणाऱ्या मोटारीतील माणसाला तो कमी जाणवतो. चाके उडतात, स्प्रिंगा धक्का गिळतात आणि चालक पुढे निघून जातो. रुंद उंचवट्यावर वेग वाढेल तसा त्रासही वाढतो. म्हणजे आपला गावठी बांध सावकाश जाणाऱ्याला शासन करतो आणि ज्याला आवरण्यासाठी तो घातला, त्याला पुष्कळदा मोकळा सोडतो.

गावकऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. शाळेसमोर एखादे लेकरू चिरडले जाते, लोक रस्ता अडवितात, अधिकारी येतात, आणि लोकांचा क्षोभ शमविण्यासाठी रातोरात डांबराचा ढीग टाकला जातो. कधी गावकरी स्वतःच मुरूम-सिमेंटचा बांध घालतात. त्यांचे दुःख खरे आहे आणि मागणीही खरी आहे. शाळा, बाजार आणि चौफुली येथे वेग आवरलाच पाहिजे. पण त्या माउलीला जे संरक्षण हवे होते, ते ह्या ढिगातून मिळत नाही, हे तिला सांगण्याचे धैर्य कोणी दाखवीत नाही. रंग नाही, ४० मीटर अलीकडे लावावयाची सूचनेची पाटी नाही. रात्री अंधारात दुचाकीस्वाराला तो दिसतो, तेव्हा तो त्याच्यावर येऊन पडलेला असतो. पाथरी, मानवत रोड, परभणी असा जाणारा कल्याण-निर्मल रस्ता तर राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नसावेत व असतील ते काढावेत, असे केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाने २०१६ मध्येच बजावले आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने कोणी दगावला अथवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. रक्कम मनुष्याच्या जिवापुढे हास्यास्पद आहे, हे आम्ही मान्य करतो. तरी ह्या कलमाचा आधार घेण्यासाठी अगोदर कोणता उंचवटा कोणी घातला आणि त्याचे माप काय, ह्याची नोंद हवी. कोणी घातला तेच ठाऊक नसेल तर जबाबदार कोणाला धरावयाचे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ३.७ मीटर लांबीचा, त्या कंसाचा एक लाकडी फर्मा करून घ्यावा. त्याला सुताराचे दोन दिवसही लागणार नाहीत. सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद आणि परभणी महानगरपालिका यांनी तो फर्मा आपापल्या रस्त्यांवरील प्रत्येक उंचवट्यावर ठेवून पाहावा. जो बसत नाही तो उखडावा, आणि जेथे गरज खरी आहे तेथे त्याच दिवशी मापाचा, रंगविलेला, पाटीसह दुसरा घालावा. तो न घालता नुसता उखडला, तर गावकरी दुसऱ्या रात्री आपला बांध पुन्हा घालतील, आणि त्यांना नावे ठेवण्यास आम्ही धजणार नाही. कोणत्या रस्त्यावर किती उंचवटे मोजले, किती काढले व किती नव्याने घातले, ह्याची गाववार यादी जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध करावी. काम जिल्हा रुग्णालयाकडे येणाऱ्या रस्त्यांपासून सुरू व्हावे, आणि काळी माती फुगण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आत, ते उरकावे.