मानपत्र आणि मानधन

डिसेंबरची ३ तारीख जवळ आली म्हणजे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या सभागृहांतून शालींना मागणी येऊं लागते. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९२ सालीं हा दिवस अपंगांचा म्हणून ठरविला. आमच्या समाजानें तो सत्काराचा करून टाकिला. विशेष मुलांच्या शाळेंतील दोनचार शिक्षिका व एकादी मावशी यांना व्यासपीठावर बोलाविण्यांत येतें. शाल, श्रीफळ व चौकटींत बसविलेलें मानपत्र त्यांच्या हातीं पडतें. आणि मग भाषण होतें. 'ईश्वरी कार्य', 'तपश्चर्या', 'देवमाणसें', 'आम्हां पामरांना हें जमणें नाहीं', अशा शब्दांची त्यांत खैरात असते. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतें. तें खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या पाण्याचें मोल सत्कार घेणाऱ्याच्याच पदरांतून वसूल होतें, आणि तें किती होतें हें विचारण्याची चाल आपल्या सुशिक्षित समाजांत नाहीं.

शब्दांपासूनच आरंभ करूं. २०१५ च्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत 'विकलांग' या शब्दाच्या जागीं 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, व थोड्याच काळांत तो सरकारी दप्तरांत रूढ झाला. २०२२ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र सरकारनें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातें काढलें.  खातें निघालें ही गोष्ट स्तुत्यच आहे. परंतु नांवाची खुबी पाहा. ज्याचा पाय अधू आहे त्याला जिन्याशेजारीं रॅम्प हवा असतो. आपण त्याला दिव्यत्व देतों. जिला महिनाअखेर घरभाडें भरावयाचें आहे तिला वेळेवर पगार हवा असतो. आपण तिला देवत्व देतों. दोन्ही दानें एकाच जातीचीं आहेत. दात्यास कांहीं खर्च येत नाहीं, आणि घेणाऱ्यास तक्रार करावयाला तोंड उरत नाहीं. देवानें थकबाकी मागितल्याचें कोणीं ऐकिलें आहे?

नात्याचीही हीच गत. मुलांना बसमधून उतरवून घेणारी, त्यांचे ओले कपडे बदलणारी, त्यांच्या ताटाशीं बसणारी स्त्री ही अवघ्या शाळेची 'मावशी' असते. मुलांच्या तोंडीं हा शब्द गोड लागतो. कार्यकारी मंडळाच्या तोंडीं तो आला म्हणजे मात्र आम्हांस भय वाटतें. मावशीला नेमणुकीचें पत्र कोण देतो? मावशीची बदली बाई ठेवण्याचें कोणास सुचतें? मावशी आजारी पडली तर रजा धरावी कीं पगार कापावा, हा प्रश्न नातें लावलें कीं सभेपुढें येतच नाहीं.

या सगळ्याच्या मुळाशीं एक भ्रम आहे. हें काम मायेचें आहे, ज्याला माया आहे त्याला तें येतें, असा तो भ्रम. यासारखी अज्ञानमूलक समजूत दुसरी नसेल. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाला भरविण्याचें उदाहरण घ्या. प्रेमळ आजी त्याची मान किंचित् मागें करून तोंडांत घास घालते. आणि घास श्वासनलिकेंत जाण्याचा धोका नेमका तेथेंच असतो. शिकलेली मदतनीस आधीं मुलाला ताठ बसविते, त्याच्या पायांखालीं आधार देते, हनुवटी थोडी खालीं येईल असें पाहते, चमचा वरून न आणतां समोरून तोंडाच्या पातळीवर आणते, आणि ओठ मिटेपर्यंत थांबते. हें थांबणें हाच त्या विद्येचा गाभा होय. एका वाटीच्या जेवणास अर्धा तास लागतो, आणि समोर अशीं चार मुलें असतात.

किंवा मोजा घालावयास शिकविण्याचें घ्या. आपण सामान्य माणसें पहिल्या पायरीपासून शिकवूं लागतों व मूल तिसऱ्या पायरीवर रडूं लागतें. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षिका पुष्कळदां शेवटच्या पायरीपासून आरंभ करितात. मोजा घोट्यापर्यंत स्वतः चढवावयाचा, आणि वर ओढण्याचें तेवढें मुलाकडून करवून घ्यावयाचें, तें जमलें म्हणजे टांचेपासून, मग बोटांपासून. प्रत्येक वेळीं काम पुरें केल्याचा आनंद मुलाच्या वांट्यास येतो. ही युक्ति आमच्या महाविद्यालयांतील कित्येक विद्वानांना ठाऊक असती तर नापासांची संख्या घटली असती! अपस्माराचा झटका आला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतूनही अजून नाकाशीं कांदा किंवा चप्पल धरितात, दांतांत चमचा घालितात. विशेष शाळेंतील मावशी मुलाला कुशीवर वळविते, डोक्याखालीं मऊ कांहीं सारते, गळ्याजवळचें बटण सोडते, तोंडांत कांहींही घालीत नाहीं, आणि घड्याळाकडे पाहते. कारण झटका पांच मिनिटांपलीकडे लांबला तर रुग्णालय गांठावें लागतें, हें तिला माहीत असतें. वाचक, आपल्या इमारतींत हें कितीजणांना माहीत आहे?

हें शास्त्र आहे व तें शिकावें लागतें, ही गोष्ट महाराष्ट्राला आज कळलेली नाहीं. अमेरिकेंत जन्मलेल्या व विवाहानें आपल्या झालेल्या कमलाबाई निंबकर या स्वतः परदेशीं जाऊन व्यवसायोपचार शिकून आल्या आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं त्या विद्येचें शिक्षण सुरू केलें. सरकारलाही तें कळलें आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्याप्रमाणें विशेष शिक्षकाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीवांचून हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा सांगितलेली आहे. म्हणजे अर्हता नसेल तर तुरुंग. आणि अर्हता असेल तर पगार किती, याविषयीं तो कायदा मौन धरितो. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. साहजिकच शिकविणाऱ्या हातांची गरज वाढली. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागें व वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें, आणि २०२५ च्या मार्चांत राज्य सरकारांना या जागा निर्माण करण्याविषयीं पुन्हां बजावावें लागलें. ज्या जागा चार वर्षें कागदावरही नीट उतरत नाहींत, त्या जागांवरील माणसांस आपण तपस्वी म्हणतों, यांत नवल तें काय?

आतां 'मानधन' या शब्दाकडे वळूं. केंद्र सरकारच्या दीनदयाळ योजनेंत अपंगांसाठीं काम करणाऱ्या संस्थांना अनुदान मिळतें. तींतही कर्मचाऱ्यांस द्यावयाच्या रकमेचें नांव मानधन असेंच आहे. पगार म्हटला कीं वाढ आली, रजा आली, निवृत्तीनंतरची तरतूद आली. मानधन म्हटलें कीं कृतज्ञतेनें हात पुढें करणें तेवढें आलें. विनाअनुदानित शाळेंत तर हें मानधनसुद्धां देणगीदाराच्या मर्जीवर लोंबकळत असतें. जो शब्द एका व्याख्यानासाठीं आलेल्या पाहुण्याला साजतो, तोच रोज सात तास राबणाऱ्या माणसाला लावावयाचा, ही भाषेची थट्टा नव्हे तर काय?

यावर एक ठराविक उत्तर येतें: सेवेला मोल लाविलें तर सेवेचें पावित्र्य नष्ट होईल. हें उत्तर देणारे बहुधा स्वतः पगारदार असतात. आम्ही आयुष्यभर महाविद्यालयांत शिकविलें. आमच्या वर्गांत मुलें धडधाकट, आमच्या खुर्चीवर पंखा, आणि एकामागून एक वेतन आयोग आमच्या दारीं चालत आले. पण त्यामुळें सरस्वतीचें पावित्र्य भंगलें असें या सज्जनांपैकीं कोणीही आमच्या कानावर घातलें नाहीं. पावित्र्य भंगतें तें भरविणें, पुसणें, धुणें यांना मोल लाविलें असतां! घरांत स्त्रीनें जें फुकट केलें तें घराबाहेरही फुकटच झालें पाहिजे, हा त्या पावित्र्याचा खरा अर्थ.

शिवाय त्यागाचे दाखले द्यावयाचे तर पुरे द्यावे. १८८४ सालीं निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांचा त्याग आपण शाळेपासून ऐकत आलों. टिळक, आगरकर, गोखले यांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें पत्करलें, हें खरें. पण तें वेतन ठरलेलें होतें, मुदत ठरलेली होती, आणि तें दोन्ही त्यांनीं स्वतः ठरविलें होतें. बाहेरील मिळकतीचा प्रश्न निघाला तेव्हां त्यांनीं तो उघडपणें, कडाडून भांडून चर्चिला. टिळक १८९० सालीं बाहेर पडले त्यामागें हा वाद होता. पगाराचें नांव काढणें त्यांपैकीं कोणासही अमंगळ वाटलें नाहीं. डोंबिवलीच्या शाळेंतील शिक्षिकेनें स्वतःहून कमी घ्यावयाचें ठरविलें तर तिला आमचा नमस्कार. तिच्या वतीनें तें श्रोत्यांनीं ठरवावें, याला त्याग म्हणत नाहींत.

येथें एक गोष्ट स्पष्ट करितों. हा रोख संस्थांच्या चालकांवर नाहीं. ठाणे महानगरपालिकेची 'जिद्द', डोंबिवलीच्या 'अस्तित्व' व 'क्षितिज' यांसारख्या शाळा आपल्या परिसराचें भूषण आहेत, आणि अशा संस्था चालविणें हें नित्य ओढाताणीचें काम असतें. देणगीदार येतो तो वस्तु घेऊन येतो. चाकाची खुर्ची, संगणक, बस, इमारतीची एक खोली: ज्यावर नांव कोरतां येतें तें सर्व मिळतें. मावशीच्या बारा महिन्यांच्या पगारावर नांव कोरतां येत नाहीं, म्हणून त्याला देणगीदार नाहीं. ज्यांना खरोखर कृतज्ञता वाटते अशा दहा कुटुंबांनीं मिळून एका मदतनिसाचा वर्षाचा पगार, निधीसह, पतकरावा आणि पाटी लावूं नये. आणि दुसरें: स्थानिक स्वराज्य संस्थांनीं स्वतःच्या उत्पन्नाचे पांच टक्के अपंगांसाठीं खर्चावे असा या राज्यांत दंडक आहे. ठाण्याची महानगरपालिका १९८२ पासून व कल्याण-डोंबिवलीची १९८३ पासून आहे. दरसाल अंदाजपत्रक मांडलें जातें. त्या पांच टक्क्यांतून माणसांच्या पगारावर किती गेले, हें नगरसेवकास विचारणारा एकही गृहस्थ सभेंत उठलेला आम्हीं पाहिला नाहीं. व्यासपीठावर मानपत्र वाचण्याऐवजीं एकदां पगारपत्रक वाचून दाखवावें, अशी आमची सूचना आहे. डोळ्यांतील पाणी लवकर आटेल. पण त्यानंतर जें सुचेल तें उपयोगाचें असेल.

पगाराचा हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांचा नाहीं. स्वमग्न मूल एका बाईच्या आवाजाला सरावतें, तिच्या हातून पाणी पितें, आणि वर्षाअखेर ती बाई दीड हजार अधिक देणाऱ्या दुकानांत जाते. तिला दोष कोण देईल? पण मुलाचें तें वर्ष पुसलें जातें. नव्या बाईपाशीं पुन्हां पहिल्यापासून. बदलापूरजवळ 'आधार' ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांची निवासी संस्था पालकांच्या संघटनेंतून उभी राहिली, ती 'आमच्यामागें काय?' या एका प्रश्नापोटीं. या प्रश्नाला उत्तर इमारत देत नाहीं. रात्रीं दोन वाजतां कोणी हांक मारली तर जो उठतो तो माणूसच त्याचें उत्तर. तो दहा वर्षें तेथें टिकावा अशी तजवीज न करितां त्याला देव म्हणणें, म्हणजे म्हाताऱ्या आईबापांची फसवणूक होय.

स्वयंसेवकांविषयीं थोडें. त्यांना पगार नको असतो, आणि त्यांतील खरे असतात त्यांना शालही नको असते. पण या नांवाखालीं एक निराळीच जमात वाढली आहे. मुलाचा वाढदिवस विशेष शाळेंत साजरा करावयाचा, केक कापावयाचा, छायाचित्रें काढावयाचीं, आणि वर्षभर फिरकावयाचें नाहीं. वेळापत्रक मोडलें कीं बिथरणारीं मुलें त्या तासभराच्या गोंगाटानंतर दुपारभर बिथरलेलीं असतात. तीं सांवरतात बाई आणि मावशीच. याच्या उलट, आमच्या डोंबिवलींत निवृत्त कारकून व गृहिणी अंध विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकें वाचून दाखवितात, परीक्षेंत त्यांचे लेखनिक म्हणून बसतात. तासामागें वीस मिनिटें अधिक मिळतात; म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेस चार तास. विद्यार्थी सांगेल तेंच लिहावयाचें, त्याची चूक दिसली तरी ओठ मिटून लिहावयाची. हा संयम आम्हां प्राध्यापकांस साधेल कीं नाहीं याची शंकाच आहे. आणि परीक्षेच्या सकाळीं लेखनिक आला नाहीं तर वर्ष गेलें. म्हणून स्वयंसेवकाचा आम्हांस ठाऊक असलेला एकच गुण आहे: ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं येणें. ज्याला तें जमत नाहीं त्यानें पैसे द्यावे, तेही दरमहा.

ज्याला पैसेही जमत नाहींत त्याच्यासाठीं एक काम उरतें. सकाळीं आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर मुंबईची गाडी लागते. तींत अपंगांसाठीं राखीव डबा असतो. त्याच्या दारांत बहुधा चांगले धडधाकट, इस्त्रीचे कपडे घातलेले पुरुष उभे असतात. हातांत पांढरी काठी असलेला मुलगा व त्याला शाळेंत पोंचविणारी सोबतीण यांना आंत घ्यावें कीं नाहीं याचा निर्णय तेच करितात. या गृहस्थांपैकीं कांहीं ३ डिसेंबरला पहिल्या रांगेंत असतील. त्यांनीं त्या दिवशीं घरीं बसलें तरी चालेल. सकाळीं मात्र त्यांनीं शेजारच्या डब्यांत चढावें. तेथें पाय ठेवावयास जागा नसते, हें आम्हांस ठाऊक आहे.