घोट्याला विसावा किती, चाल किती

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले, याची बातमी दर पावसाळ्यात छापून येते. त्याच दिवसांत पवनी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये रोवणी चाललेली असते आणि पऱ्ह्यांचा भारा डोक्यावर घेऊन ओल्या धुऱ्यावरून उतरताना कुणाचा तरी पाय मुरगळतो. त्याची बातमी होत नाही. घरी आंबेहळदीचा लेप लागतो, कुणी हाडवैद्याकडे जातो, कुणी एक्स-रेचा ‘फोटो काढायला’ पवनीला. रोवणी मात्र कुणासाठी थांबत नाही. सूज जरा उतरली की पाय पुन्हा चिखलात. या घाईला अडाणीपणा म्हणण्याआधी एवढे आठवावे की दुखरा सांधा बांधून ठेवायचा की चालवायचा, या एका प्रश्नावर खुद्द वैद्यकाने वारंवार बाजू बदलली आहे.

सुश्रुतसंहितेतल्या भग्नचिकित्सेत औषधांपेक्षा मोजमाप नजरेत भरते. पाऊल वाकडे पडल्याने घोट्यात उठणाऱ्या दुखण्याला याच ग्रंथात अन्यत्र वातकंटक म्हटले आहे. घोट्यावरचे मर्म ‘रुजाकर’ वर्गातले, म्हणजे तिथला मार जीव घेत नाही, पण वेदना, ताठलेले पाऊल किंवा लंगडेपणा मागे ठेवतो. मोडलेल्या हाडाला पळस, अर्जुन, वड, उंबर यांच्या साली आणि बांबूच्या कांबी बांधायच्या. लेपात मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तुपाबरोबर चक्क साळीचे पीठ. पट्टी थंड ऋतूत दर सातव्या, मध्यम ऋतूत पाचव्या आणि उष्ण ऋतूत तिसऱ्या दिवशी सोडायची. सैल बांधली तर सांधा ठरत नाही, फार आवळली तर सूज आणि पू. भग्नचिकित्सेच्याच अध्यायात हाताच्या तळव्यासाठी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: दुखापत भरली की रोग्याने मुठीत आधी मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. आधार, त्याची मुदत आणि मग वाढता भार, असे तीन टप्पे झाले. आपण लेप जपला आणि दगड विसरलो, असे माझे मत आहे.

युरोपात हा वाद एकोणिसाव्या शतकात उघड भांडणापर्यंत गेला. डच लष्करी सर्जन मॅथायसन यांनी १८५२ मध्ये प्लास्टरच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि सांधा निश्चल ठेवणे सोपे झाले. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस दीर्घ, अखंड विश्रांतीचे कट्टर पुरस्कर्ते. त्याच काळात पॅरिसचे ल्युका-शांपियोनिएर हालचाल आणि मालिश यांची बाजू लावून धरत होते. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. मोडलेले हाड दिसू लागले, आणि जे दिसत नाही ते किरकोळ, अशी एक समजूतही रुजली. ‘हाड मोडलं नाही, नुसती मुरगळ आहे’ हे वाक्य आजही दिलासा म्हणून सांगितले जाते.

नुसती मुरगळ कशी होते ते पाहिले तर ‘नुसती’ हा शब्द गळून पडतो. घोट्यातले टॅलस हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद, पाचरीसारखे असते. पाऊल वर ओढलेले असताना ते नडगीच्या दोन हाडांमधल्या खोबणीत घट्ट बसते; बोटे खाली करून उतरताना अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा ढिला पडतो. नेमके धुऱ्यावरून पाय खाली टाकतानाचे हे पाऊल. तळवा आत वळला की बाहेरच्या बाजूचे, पुढचे लिगामेंट बहुधा आधी फाटते. त्यात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंनाही मार बसत असावा, असे ब्रिटनच्या मायकल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये मांडले आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला. सूज गेल्यावरही ‘पाय दगा देतो’ अशी तक्रार अनेकांची का राहते, याची ही पहिली नीट फोड.

पण लोकप्रिय झाला तो बर्फ. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी दिली. २०१४ मध्ये त्यांनीच कबूल केले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणे लांबूही शकते. बर्फाने ठणका कमी होतो, त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको. मग चालणेच बरे का? तिथेही उत्तर सरळ नाही. इंग्लंडमध्ये ५८४ रुग्णांवर झालेला आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास तीव्र मुरगळीचा होता. दहा दिवसांचे गुडघ्याखालचे प्लास्टर घातलेले रुग्ण तीन महिन्यांनी साध्या दाबपट्टीवाल्यांपेक्षा बरे चालत होते. नऊ महिन्यांनी फरक उरला नाही. साध्या मुरगळीत लवकर चालवणे, जबर मुरगळीत थोडे दिवस बांधणे, आणि दोन्हींत पुढे तोल शिकवणे, इथवर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

गोसीखुर्दसारख्या गावाला सर्वांत उपयोगी शोध मात्र यंत्राविना वापरता येतो. कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक्स-रे कधी लागतो याचा एक नियम मांडला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, किंवा तिथून सहा सेंटिमीटर वरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल. किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलेही धरतात. यांपैकी काहीच नसेल तर मोडीची शक्यता फार कमी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना आणि दारू प्यालेल्यांना हा नियम लावू नये. त्यांना दुखणे नीट जाणवत नाही. आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका किंवा आशाताई हे तासाभरात शिकू शकते. हाडवैद्यालाही शिकवावे, त्याची टिंगल करू नये. लोक आधी त्याच्याकडे जातात, आणि मोडलेल्या घोट्याला झटका देऊन ‘बसवणे’ थांबले तरी पुष्कळ.

सुश्रुताचा तिसरा टप्पा, म्हणजे वाढता भार, मात्र सरकारी दवाखान्यातही सहसा मिळत नाही. क्रेप बँडेज आणि गोळ्या देऊन ‘आराम करा’ म्हणतात. सूज उतरल्यावर काय करायचे, हे चिठ्ठीवर नसते. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, मग हात सोडून, मग डोळे मिटून, मग पोत्याच्या घडीवर. मधूनमधून टाच वर-खाली. याला खर्च शून्य. कबड्डी खेळणाऱ्या पोरांना तर ही तयारी मैदानावर परतण्याआधी सक्तीची हवी, कारण बचावपटूंची पकड बऱ्याचदा घोट्यावरच पडते आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. रोवणीला जाणाऱ्या बाईला दोन महिने विश्रांती सांगणे निरर्थक आहे. पण पहिला आठवडा कोरड्या वाटेवरचे काम, भारा दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि एका पायावर हातांच्या आधाराशिवाय अर्धा मिनिट उभे राहता आले की मग चिखल, एवढे कोणत्याही टोळीतल्या मुकादमाला जमण्यासारखे आहे.