उतारावरचा ट्रक आणि कायद्याची पळवाट

मालट्रकपासून अंतर राखा, त्याच्या डाव्या बाजूने घुसू नका, हा उपदेश खरा आहे. दुचाकीस्वाराने तो पाळावाच. परंतु तेवढ्यावर शासनाची जबाबदारी संपत नाही. ट्रक धोकादायक केला कोणी?

पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. थोडे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची रीत जुनी आहे. इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी निकामी होतात. असे करणारा चालक दोषी खराच. पण खेपेच्या ठरीव रकमेत डिझेल भागवून उरेल त्यावर ज्याचे घर चालते, त्याला काटकसरीचा हा मार्ग शिकवला कोणी?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला आठ तासांचा दिवस दिला. मात्र पाच कामगार असलेल्या धंद्यापासून पुढे. देशातले बहुसंख्य ट्रक मोजक्या गाड्यांच्या मालकांचे. ज्याच्यासाठी कायदा, तोच कायद्याबाहेर! ही अट खाली आणायची, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पाचाचे दहा केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आहे. सुधारणा म्हणतात ती हीच! झोपेअभावी डोळे तारवटलेला चालक रात्री घाट उतरतो, तेव्हा त्याचे तास मोजणारा कोणीही नसतो. माल कधी पोहोचणार, हे विचारणारे दूरध्वनी मात्र वाजतच राहतात.